माप कोणाचे? : मोठ्या कंपन्यांची स्पर्धा आणि आपल्या खिशातील फोन



व्यापाराचा पाया माप, वही आणि शब्द या तीन गोष्टींवर उभा असतो. माप खरे असावे, वही चोख असावी आणि दिलेला शब्द पाळला जावा, एवढे साधले की पेढी पिढ्यान् पिढ्या चालते. या तिन्ही गोष्टी आज एका वीतभर वस्तूत येऊन बसल्या आहेत. ती वस्तू म्हणजे स्मार्टफोन. अमरगोळच्या बाजार आवारातील ज्वारी-हरभऱ्याचे भाव परगावच्या गिऱ्हाइकास कळतात ते फोनवर. दुर्गदबैलातील किरकोळ दुकानदार आपली बाकी चुकती करतो ती फोनवरून. उधारीची वही फोनमध्ये. आणि घरातील उपवर मुलामुलींसाठी स्थळे पाहण्याचे कामही पुष्कळ कुटुंबांत फोनवरच चालते.

तेव्हा या फोनच्या मागे उभ्या असलेल्या बलाढ्य कंपन्या आपापसांत जी चढाओढ करतात, तिची झळ आपल्या गल्ल्यापर्यंत कशी पोचते, हे समजून घेणे आपणां सर्वांच्या हिताचे आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : स्पर्धा ही ग्राहकाची मित्र आहे, परंतु सर्वांचे माप एक असेल तेव्हाच. ज्याने त्याने आपापले माप आणि आपापला दरवाजा ठेवला, तर त्याच स्पर्धेत ग्राहक बांधला जातो. हे प्रतिपादन पटावे म्हणून प्रथम आपल्याच धंद्यातील एक जुनी गोष्ट सांगतो.

१. मापांचा जुना धडा

इंग्रजी अमदानीत ‘मण’ हा शब्द देशभर एक होता, पण मण मात्र एक नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, तर बंगाली मण सुमारे ८२ पौंडांचा. शेर, पायली, अडीसरी यांचीही तीच गत. आपला धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि दक्षिणेस म्हैसूर व मद्रास मुलूख लागून होते. अशा सीमेवरच्या बाजारपेठेत भाव ठरविण्याआधी माप कोणते, हे ठरवावे लागे. या गोंधळात फावे ते ज्याला हिशेबाच्या खाचाखोचा ठाऊक त्याचे, आणि नागवला जाई तो शेतकरी व गरीब गिऱ्हाईक.

पुढे वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ मध्ये झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत ती देशभर सक्तीची झाली. यामुळे व्यापाऱ्यांची स्पर्धा संपली काय? मुळीच नाही. उलट ती शुद्ध झाली. किलो सर्वांचा एकच झाल्यावर स्पर्धा उरली ती मालाच्या प्रतीची, भावाची आणि वागणुकीची. तीच खरी स्पर्धा होय.

आपल्या धर्मशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान हा एक आहे. घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे माप लहान ठेवणे, हा तो दोष. शास्त्रकारांनी त्याची गणना चोरीच्या प्रकरणात केली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण आजच्या फोनच्या बाजारातील तंटे पाहिले तर त्यांचे मूळ बहुतेक याच दोषात सापडते.

२. फोनच्या बाजाराची रचना

फोन चालण्यासाठी त्याच्या पोटात एक मूळ व्यवस्था असावी लागते. तिला कार्यप्रणाली म्हणतात. आज जगात अशा दोनच प्रणाली प्रमुख उरल्या आहेत. ॲपल कंपनीने २००७ साली आयफोन आणला. त्याची प्रणाली त्या कंपनीपुरतीच. गूगलची अँड्रॉइड प्रणाली घेतलेला पहिला फोन २००८ साली विक्रीस आला. ही प्रणाली अनेक कारखानदार वापरतात. भारतातील दहांपैकी नऊहून अधिक फोन अँड्रॉइडचे आहेत.

या प्रणालीवर जी निरनिराळी कामे करणारी साधने चालतात ती ॲप. पैसे देण्याचे ॲप वेगळे, नकाशाचे वेगळे, उधारीच्या वहीचे वेगळे. ही ॲप जेथून घ्यावयाची ती भांडारेही त्याच दोन कंपन्यांची : ॲपलचे ॲप स्टोअर आणि गूगलचे प्ले स्टोअर. आपल्या भाषेत बोलावयाचे तर ही दोन बाजार आवारे होत. ॲप तयार करणारे हे आवारात गाळा घेतलेले व्यापारी, आणि आपण गिऱ्हाईक.

मात्र आपल्या बाजार समितीत आणि या आवारांत एक मोठा भेद आहे. समिती आवार चालविते, सेस घेते, काट्यावर देखरेख ठेवते. पण ती स्वतः हरभरा विकत नाही. येथे मात्र आवाराचा धनी स्वतःही व्यापारी आहे. गूगल आवार चालविते आणि त्याच आवारात स्वतःचे नकाशे, चलचित्रे व पैसे देण्याचे ॲपही मांडते. ॲपलचीही तीच तऱ्हा. गाळेधारकाने ॲपच्या आत डिजिटल माल किंवा वर्गणी विकली तर आवाराचा धनी तिच्यावर ३० टक्क्यांपर्यंत दलाली घेत आला. २०२१ पासून लहान विक्रेत्यांसाठी ती १५ टक्क्यांवर आणली गेली. शेकडा एक-दोन रुपयांच्या नफ्यावर पोती हलविणाऱ्या धान्य व्यापाऱ्यास हे आकडे ऐकून घेरी येईल. शिवाय ज्याच्याशी आपली स्पर्धा, त्याच्याच हातात आवाराच्या फाटकाची किल्ली, अशी ही परिस्थिती आहे.

३. भांडण त्यांचे, झळ आपल्याला

आता घडलेली काही उदाहरणे पाहू.

आयफोनमध्ये आरंभापासून गूगलचे नकाशे असत. सप्टेंबर २०१२ मध्ये ॲपलने ते काढून स्वतःचे नकाशे बसविले. दोन कंपन्यांची चुरस वाढली होती आणि नकाशासारखे महत्त्वाचे अंग प्रतिस्पर्ध्याच्या हाती ठेवणे ॲपलला नको होते. पण नवे नकाशे कच्चे होते. रस्ते व गावे भलत्याच ठिकाणी दिसू लागली. त्याच महिन्यात ॲपलचे प्रमुख टिम कुक यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करून, तूर्त दुसऱ्यांचे नकाशे वापरावेत, असे ग्राहकांना सांगावे लागले. डिसेंबरमध्ये गूगलचे नकाशे ॲपच्या रूपाने परत आले. मधले तीन महिने वाट चुकला तो ग्राहक.

दुसरे उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचे. नोकियाचे ल्युमिया फोन आपल्याकडेही पुष्कळांनी हौसेने घेतले होते. मायक्रोसॉफ्टने त्यांच्यासाठी यूट्यूबचे ॲप बनविले. गूगलने ते आपल्या नियमांत बसत नाही म्हणून ऑगस्ट २०१३ मध्ये रोखले. एकेक ॲप मिळेनासे झाले, तशी गिऱ्हाइके आटली. गिऱ्हाइके आटली, तसे ॲपवालेही फिरकेनासे झाले. शेवटी ३१ डिसेंबर २०१९ नंतर व्हॉट्सॲपही त्या फोनवर बंद झाले. फोन धडधाकट, पडदा स्वच्छ, पण कामाचा नाही. ज्या आवारात व्यापारी येत नाहीत तेथील गाळ्याची जी किंमत, तीच त्या फोनची.

तिसरे उदाहरण गूगल आणि ॲमेझॉन यांचे. ॲमेझॉन आपल्या दुकानात गूगलची काही उपकरणे विकीत नसे. म्हणून गूगलने २०१८ च्या आरंभी ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवरून यूट्यूब काढून घेतले. समेट होऊन ते परत आले जुलै २०१९ मध्ये. दोन श्रीमंत शेजाऱ्यांनी भांडावे आणि पाणी तुटावे गल्लीतील तिसऱ्याच घराचे, असा हा प्रकार.

आपल्या देशातही असे घडले आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, तेव्हा जिओवरून इतर कंपन्यांच्या क्रमांकांवर केलेले असंख्य कॉल जोडलेच जात नसत. दोन जाळ्यांना जोडणारे दुवे इतर कंपन्या पुरेसे देत नाहीत, ही जिओची तक्रार. जिओच्या फुकट कॉलचा लोंढाच अतोनात आहे, हे इतरांचे उत्तर. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१६ मध्ये एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांच्यावर मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. दोष कोणाचाही असो, पेढीवरून गिऱ्हाइकास लावलेला फोन लागत नाही एवढेच व्यापाऱ्याला कळत होते.

सर्वांत अलीकडचे आणि आपल्या कुटुंबांना जवळचे उदाहरण १ मार्च २०२४ चे. दलालीच्या वादावरून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढली. गूगल त्या वेळी ११ ते २६ टक्के आकार मागत होते, आणि तो अन्यायाचा आहे असे या कंपन्यांचे म्हणणे होते. काढलेल्या ॲपमध्ये विवाह जुळविणारी भारत मॅट्रिमनी, शादी आणि जीवनसाथी, नोकरी शोधणारे नौकरी, जागा पाहण्याचे नाइन्टीनाइन एकर्स ही नावे होती. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मध्यस्थी केली आणि चार-पाच दिवसांत ती परत आली. फोनमध्ये आधीपासून असलेली ॲप चालू राहिली. पण नव्याने शोधणाऱ्याला भांडारात ती सापडेनात. मुलीच्या स्थळाचा शोध आणि मुलाच्या नोकरीचा अर्ज अशा दलालीच्या तंट्यात अडकू शकतो, हे त्या दिवसांत देशाला दिसले.

४. न्यायासनापुढे

अशा तक्रारींचा विचार करण्यासाठी आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोग आहे. आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनविणाऱ्यास प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलची इतर ॲपही सोबत घ्यावीच लागत, हा त्यातील एक मुख्य आक्षेप. हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. टंचाईच्या काळात साखर हवी तर सोबत न खपणारा मालही घ्या, असे सांगणारे दुकानदार आपल्या वडिलधाऱ्यांनी पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये या आदेशास स्थगिती नाकारली. त्यानंतर गूगलने भारतापुरते आपले नियम बदलले : कारखानदारास हवी ती ॲप सुटी घेण्याची आणि ग्राहकास शोधयंत्र निवडण्याची मुभा मिळाली. अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम केला, मात्र आयोगाचे चार निर्देश रद्द केले.

दुसरा आदेश २५ ऑक्टोबर २०२२ चा, ९३६.४४ कोटींच्या दंडाचा. तो ॲपमधील विक्रीचे पैसे गूगलच्याच मार्गाने घेण्याच्या सक्तीविषयी होता. इतरांस जो आकार लागतो तो गूगलच्या स्वतःच्या यूट्यूबला लागत नाही, असेही आयोगाने त्यात नोंदविले. देण्याचे माप एक आणि घेण्याचे दुसरे, या जुन्या अतिचाराचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणावी लागेल. पुढे २८ मार्च २०२५ रोजी अपील न्यायाधिकरणाने हा दंड २१६.६९ कोटींवर आणला. आयोगाचे सर्वच म्हणणे तेथे टिकले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

५. दुसरी बाजू

अनेकान्ताचे संस्कार असलेल्या समाजाने एकाच बाजूने पाहू नये. स्पर्धेने आपले भलेही केले आहे. २०१६ पूर्वी एक जीबी डेटासाठी दोनशे रुपयांच्या घरात पैसे मोजावे लागत. जिओच्या आगमनानंतर तो दर दहा-वीस रुपयांवर उतरला. हमालापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांच्या हाती फोन आला तो या चढाओढीमुळेच. खाताबुक आणि ओकेक्रेडिट या बेंगळूरच्या दोन कंपन्यांच्या चुरशीतून लहान दुकानदारास उधारीची वही फुकट मिळाली.

आवाराच्या धन्याची बाजूही ऐकली पाहिजे. फाटकावर पहारा असतो म्हणून चोर आत शिरत नाही, असे तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. लग्नपत्रिका, बँकेची नोटीस किंवा वाहनाचे चलन अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या बनावट फाइली उघडून ॲप फोनमध्ये घेतल्यामुळे खाती रिकामी झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ते ॲप भांडाराबाहेरून आलेले असते. तेव्हा पहारा हवाच. आमचे म्हणणे एवढेच, की पहारेकऱ्याने पहाऱ्याच्या नावाखाली शेजारच्या दुकानाचे गिऱ्हाईक अडवू नये.

६. सामाईक मापाचे फळ

मग उपाय कोणता? जो १९५६ साली वजनमापांत झाला तोच. जेथे जेथे सामाईक माप आले तेथे ग्राहक मोकळा झाला, याचे दाखले फोनच्या दुनियेतही आहेत.

पहिला दाखला क्रमांकाचा. २० जानेवारी २०११ पासून देशभर आपला मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. पेढीचा क्रमांक म्हणजे पेढीची पाटी. पाटी हलवावी लागत नाही म्हटल्यावर कंपनीला गिऱ्हाइकाची मनधरणी करणे भाग पडले.

दुसरा दाखला साध्या तारेचा. पूर्वी प्रत्येक कंपनीची चार्जरची तार निराळी असे आणि घराघरांत तारांचे जुडगे साचे. युरोपीय संघाने २०२२ साली नियम करून २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनांना यूएसबी-सी हे एकच तोंड सक्तीचे केले. ॲपलनेही सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ पासून ते स्वीकारले. नियम युरोपचा, पण सोय हुबळीच्या ग्राहकाचीही झाली.

तिसरा आणि सर्वांत मोठा दाखला यूपीआयचा. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ही व्यवस्था सुरू केली. तिची थोरवी अशी, की फोनपे असलेला मनुष्य गूगल पे असलेल्याला आणि तो पेटीएम असलेल्याला बिनदिक्कत पैसे पाठवू शकतो. बँक कोणतीही असो. तरीही काही कंपन्यांचे चौकोनी क्यूआर संकेत त्यांच्याच ॲपला ओळखणारे होते. रिझर्व्ह बँकेने २२ ऑक्टोबर २०२० रोजी असे खासगी संकेत नव्याने काढण्यास बंदी केली आणि ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांनी सामाईक संकेतावर यावे असे ठरविले. आज दुकानात कोणत्याही कंपनीची पाटी टांगा, गिऱ्हाईक आपल्या ॲपने पैसे देतो. हाच तो किलोग्रॅम.

या सामाईक मापाची कसोटी २०२४ साली लागली. ३१ जानेवारी रोजी रिझर्व्ह बँकेने नियमभंगाच्या कारणावरून पेटीएम पेमेंट्स बँकेवर कडक निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तेथील खात्यांत नवी रक्कम घेण्यास मनाई केली. ज्या दुकानदारांचे पैसे त्याच बँकेत जमा होत, त्यांना दुसऱ्या बँकेचे खाते जोडावे लागले. पण पेटीएमचे ॲप इतर चार बँकांच्या आधाराने चालू राहिले, आणि ज्यांना बदलावयाचे होते त्यांनी ॲप बदलले. माप सामाईक नसते तर याच घटनेने बाजारपेठा ठप्प केल्या असत्या.

आपल्या धान्याच्या धंद्यातही हेच दिसले. कर्नाटकात २०१४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस या कंपनीच्या एकात्म बाजार मंचावर बाजार समित्यांचे ऑनलाइन लिलाव होत. केंद्र सरकारचा ई-नाम मंच १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. दोन मंच, दोन नोंदण्या; एकावरचा व्यापारी दुसऱ्यावरचा माल घेऊ शकत नसे. मे २०२० मध्ये या दोहोंत दुवा जोडला गेला, तेव्हा कर्नाटकातील शेतकऱ्याच्या मालास परराज्यातील खरेदीदाराचा मार्ग खुला झाला. दोन आवारांमधील भिंतीस दार पाडल्याने दोन्ही आवारांचे नुकसान होत नाही, हे यावरून कळावे.

तथापि सामाईक माप आले म्हणजे सर्व आलबेल झाले असे नव्हे. यूपीआयच्या व्यवहारांपैकी सुमारे चार-पंचमांश केवळ फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपवरून होऊ लागले. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा असे महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्येच ठरविले. परंतु अंमलबजावणीची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. तराजू सर्वांचा असला तरी तो धरणारे हात दोनच असतील, तर सावध राहिलेलेच बरे.

७. सभासदांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून काही व्यवहारी नियम निघतात. पेढीवर आणि घरी त्यांचा अवलंब व्हावा, अशी आमची विनंती आहे.

(१) वही आपल्या हाती ठेवावी. उधारीचे खाते ॲपमध्ये असल्यास दर महिन्याच्या अखेरीस ते उतरवून कागदावर छापून घ्यावे. ॲप बंद पडले, भांडारातून गेले किंवा फोन हरवला, तरी येणे बुडता कामा नये.

(२) पैसे घेण्याचे मार्ग किमान दोन असावेत, आणि तेही दोन निराळ्या बँकांच्या खात्यांवर. एका दाराला कुलूप पडले तर दुसरे उघडे राहते.

(३) गिऱ्हाइकांचे क्रमांक व पत्ते केवळ व्हॉट्सॲपच्या गटावर विसंबून ठेवू नयेत. वेगळ्या वहीत लिहून ठेवावेत.

(४) नवा फोन घेताना किमतीइतकेच, त्यात सुरक्षेची सुधारणा किती वर्षे मिळणार, हे विचारावे. ल्युमियाचा धडा विसरू नये.

(५) ॲप भांडारातूनच घ्यावे. संदेशातून आलेली फाइल उघडून घेऊ नये, मग ती आप्ताच्या नावाने आलेली का असेना.

(६) जे फुकट मिळते त्याचा मोबदला आपण कशाने देतो, हे पाहावे. बहुधा तो आपल्या माहितीने दिला जातो. ॲप जी परवानगी मागते ती कामापुरतीच द्यावी. परिग्रहाची मर्यादा आपण स्वतःस घालतो, तशी आपल्या माहितीच्या लोभासही घालावी.

(७) अन्याय झाल्यास एकट्याने चरफडत बसण्यापेक्षा संघटनेकडे लेखी कळवावे. स्पर्धा आयोगापुढे व्यक्तीप्रमाणे व्यापारी संघासही माहिती देता येते. एका पेढीचा आवाज बेंगळूरलाही पोचत नाही. शंभर पेढ्यांचा दिल्लीपर्यंत जातो.

८. समारोप

मोठ्यांची स्पर्धा थांबविणे आपल्या हाती नाही, आणि ती थांबावी अशी इच्छाही नसावी. परंतु माप सामाईक असावे, दार दोन्ही बाजूंनी उघडावे आणि ग्राहकाला आपले बिऱ्हाड हलविण्याची मुभा असावी, एवढा आग्रह धरणे आपला हक्क आहे. तो हक्क मागताना आपले स्वतःचे मापही चोख असले पाहिजे, हे सांगावयास नको. ज्या समाजाने खोट्या मापास चोरी मानले, त्या समाजातील व्यापाऱ्याने गूगल-ॲपलकडे खरे माप मागावे, यात काहीच अप्रस्तुत नाही. आपल्या काट्यावर बसणारा शेतकरी आपल्याकडे जे मागतो, तेच आपण त्यांच्याकडे मागत आहोत.

सर्व सभासदांस व त्यांच्या परिवारांस नवे व्यापारी वर्ष सुखाचे व सचोटीचे जावो.

जय जिनेंद्र.